हिरो व्हायला निघालेले अण्णा

आमच्या सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या गल्लीत वरात निघाली की सुरुवातीला नवीन गाणी वाजतात. मग कोणीतरी म्हातारा बँडवाल्याच्या कानाशी लागतो आणि ट्रंपेटवर 'अलबेला'ची चाल सुरू होते. त्यानंतर काय होतं ते बघण्यासारखं असतं. ज्यांचे गुडघे दुखतात तेसुद्धा हात अर्धवट वर करून, जागच्या जागी खांदे हलवत नाचायला लागतात. पिक्चर १९५१ चा, आणि नाचणाऱ्यांत आम्ही हॉस्टेलवाले पण असतो!

हे गाणं नक्की कोणाचं, हे मला मात्र एम-थ्रीची केटी लागली तेव्हा कळलं. निकाल घेऊन तोंड पाडून घरी गेलो. माझे आजोबा जुने गिरणी कामगार. ते मार्कांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी शेंगाचटणी-भाकरी खाताना त्यांनी सी. रामचंद्र यांची गोष्ट काढली. पुढे मी स्वतः वाचून काढली, तीच इथे सांगतो.

पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर, सगळ्यांचे अण्णा. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातलं पुणतांबा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणं शिकले. पण डोक्यात होतं हिरो व्हायचं. 'नागानंद' नावाच्या चित्रपटात प्रमुख भूमिका मिळालीसुद्धा. पिक्चर पडला, आणि अण्णांची हिरोगिरी तिथेच संपली. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामं केली. आपल्या भाषेत सांगायचं तर मेन ब्रँचला नापास! पण हार्मोनियम चांगली वाजवत होते, म्हणून तिथल्याच संगीतकारांच्या हाताखाली बसले. तमिळ चित्रपटांतून संगीत द्यायची पहिली संधी मिळाली आणि मित्र भगवानदादांच्या 'सुखी जीवन' (१९४२) पासून हिंदीत नाव व्हायला लागलं.

हे भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. मारामारीचे स्वस्तातले पिक्चर काढायचे. त्यांनी एकदम सामाजिक-विनोदी 'अलबेला' काढायला घेतला. हिरो स्वतःच: बुटके, जाडसर, नाच अगदी साधा. समोर गीता बाली. त्याच वर्षी 'आवारा' आणि 'बाजी' आले होते, म्हणजे स्पर्धा बघा! तरी 'अलबेला' धो धो चालला, आणि त्यात मोठा वाटा गाण्यांचा.

अण्णांनी केलं काय? राजेंद्र कृष्ण यांच्या साध्या शब्दांना साध्या चाली दिल्या, एकदा ऐकल्या की तोंडात बसणाऱ्या. पण त्यांच्या मागे बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा थाट उभा केला. सोबतीला गोव्याच्या आल्दोन्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. इतक्या धमाल पिक्चरमध्ये लताबाईंच्या आवाजातली एक अंगाईसुद्धा आहे, आणि ती ऐकून हसणारा माणूस गप्प होतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. भगवानदादांची बहुतेक गाणी 'चितळकर' या नावाने अण्णांनी स्वतः गायली. ज्या माणसाला लोकांनी हिरो म्हणून नाकारलं, तोच हिरोचा आवाज होऊन थेटरात घुमला.

पाश्चात्य ढंगाच्या चाली करतात म्हणून अण्णांवर टीकाही झाली. त्याला उत्तर त्यांच्या कामानेच दिलं. 'अनारकली' (१९५३) आणि 'आझाद' (१९५५) त्यांचे, 'एना मीना डिका'वाला 'आशा' (१९५७) पण त्यांचाच. आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लताबाई कवी प्रदीप यांचं जे गीत गायल्या, जे आपण दर पंधरा ऑगस्टला ऐकतो, त्याची चालही याच माणसाची. हे कळल्यावर मी खरंच उडालो!

नंतर काम कमी होत गेलं. मराठीत 'घरकुल' (१९७०) केला, १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं, आणि ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत अण्णा गेले. भगवानदादांचे पुढचे पिक्चर पडले. बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीत ते वारले. नशीब शेवटपर्यंत साथ देतंच असं नाही, हेही या गोष्टीत आहे.

आजोबांची मिल कधीच बंद पडली. भोंगा थांबला, पण वरातीत ते अजून दोन पावलं नाचतात. त्या रात्री त्यांनी मला उपदेश केला नाही, गोष्ट तेवढी सांगितली. एका पेपरात पडलेला माणूस दुसऱ्या पेपरात अख्ख्या देशाला नाचवू शकतो, एवढं मला त्यातून समजलं.

एम-थ्री? तेवढी सुटली बुवा, दुसऱ्या झटक्यात!