कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (इ.स. १८५७ – इ.स. १९३८) हे भारतातील आधुनिक खगोलभौतिकीचे एक आद्य अभ्यासक होते. पुणे येथील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते संस्थापक व संचालक होते. या वेधशाळेतील २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण अनेक वर्षे भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

== शिक्षण आणि वेधशाळेची स्थापना ==

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले नायगमवाला इ.स. १८७८ मध्ये एम.ए. झाले. पुढे त्याच महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. इ.स. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी त्यांना वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही तेवढीच रक्कम दिली. इ.स. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथील खगोलशास्त्रज्ञांशी झालेल्या विचारविनिमयातून मूळ योजना बदलली आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा उभारण्याचे ठरले. त्यानंतर त्यांची नेमणूक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) झाली. तेथेच इ.स. १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली.

== दुर्बीण ==

वेधशाळेचे प्रमुख उपकरण डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाले होते. परावर्ती दुर्बिणीत प्रकाश गोळा करण्याचे काम भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा करतो. भिंगातून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात. आरशात हा दोष नसतो. आरशाला मागून आधार देता येत असल्याने तो मोठाही करता येतो. आज हौशी निरीक्षक घराच्या गच्चीवर वापरतात ती सहा इंची दुर्बीण याच तत्त्वावर चालते. २० इंची आरसा तिच्या सुमारे अकरा पट प्रकाश गोळा करतो.

त्या काळी आरशाच्या काचेवर चांदीचा पातळ थर देत असत. हा थर हवेने काळवंडतो, म्हणून तो वेळोवेळी नव्याने द्यावा लागे. अशा दुर्बिणीला जाणकार आणि सतत लक्ष देणाऱ्या माणसाची गरज असे. (आता त्यासाठी ॲल्युमिनियमचा थर वापरतात.)

== संशोधन ==

तेजोमेघांच्या वर्णपटातील एका ठळक हिरव्या रेषेचे मूळ त्या काळी अज्ञात होते. तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून ती रेषा मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कडा आहे, असे मत नॉर्मन लॉकयर यांनी मांडले होते. हे मत खरे असते, तर रेषेची एक बाजू पुसट दिसायला हवी होती. नायगमवाला यांनी इ.स. १८९१ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे वेध घेतले. त्यांना ही रेषा पुसट न होता स्पष्ट दिसली, त्यामुळे लॉकयर यांच्या मताला बाध आला. ही रेषा आयनीभूत ऑक्सिजनची आहे, हे इ.स. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे देशोदेशींचे निरीक्षक जमले होते. पुलगाव येथे न्यूऑल व हिल्स या ब्रिटिश निरीक्षकांचा तळ होता. नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ ठोकून सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत वर्णपटांची छायाचित्रे घेतली. त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही आली होती. नायगमवाला यांचा अहवाल इ.स. १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

== निवृत्ती आणि वेधशाळेचा शेवट ==

इ.स. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्यामागे हे काम पुढे नेणारा कोणी तयार झालेला नव्हता. वेधशाळा बंद करण्यात आली आणि उपकरणे कोडाईकनाल येथील सरकारी वेधशाळेकडे पाठवली गेली. तेथील मुख्य काम सूर्याच्या अभ्यासाचे होते. त्यामुळे रात्रीच्या आकाशासाठी घडवलेल्या या दुर्बिणीचा अनेक दशके फारसा उपयोग झाला नाही. नायगमवाला इ.स. १९३८ मध्ये निधन पावले.

== वारसा ==

ही दुर्बीण पुढे 'भावनगर दुर्बीण' या नावाने ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा वापरात आली. लडाखमध्ये नव्या वेधशाळेसाठी जागेची पाहणी सुरू असताना लेह परिसरातही तिचा उपयोग करण्यात आला. पुण्यातील वेधशाळा तिच्या संस्थापकाच्या निवृत्तीबरोबर संपली. दुर्बीण मात्र त्यांच्या पश्चातही आकाशाचे वेध घेत राहिली.