थोर शास्त्रज्ञ मार्कोनी

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटली देशातील बोलोन्या शहरात झाला. त्यांना विजेच्या प्रयोगांचा लई नाद. घराच्या माळ्यावर ते रात्रंदिवस खटपट करत. वडिलांना हे पसंत नव्हते.

१८९५ साली त्यांनी एक तार उंच टांगली व दुसरी जमिनीत पुरली. मग संदेश टेकडीपलीकडे गेला! तिकडे त्यांचा भाऊ यंत्राजवळ होता. पण संदेश पोचला हे कळणार कसे? म्हणून पलीकडून बंदुकीचा बार काढला. त्याच साली आपले जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात अशाच लहरींचे प्रयोग दाखवत होते.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनींनी न्यू फाउंडलंड बेटावर चक्क पतंगाला तार बांधली. तार दीडशे मीटर लांब. वारा एवढा की आधीचा पतंग व फुगा उडून गेला होता. पतंग हिंदकळला की तारही हलायची आणि आवाज कमीजास्त व्हायचा. तरी साडेतीन हजार किलोमीटरवरून, इंग्लंडहून, तीन टिंबे ऐकू आली. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा बिनतारी हाकेमुळे सुमारे सातशे माणसे वाचली.

पुढे पहिल्या महायुद्धात विमानातून संदेश पाठवू लागले. विमानाखाली लांब तार सोडायची, टोकाला शिशाचे वजन. उतरायच्या आधी ती गुंडाळायची, नाहीतर झाडात अडकणार. विमान वळले की तार तिरकी होई, अगदी पतंगासारखे. आता तार लोंबत नाही. विमानाच्या पाठीवर नि पोटाखाली छोटे अँटेना असतात. पण विमान धातूचे, त्याचे पंख आणि शेपूट लहरी अडवतात. कुठल्या बाजूला संदेश जाईल व कुठे जाणार नाही, हे आधी बघावे लागते. नाहीतर वैमानिक बोलेल आणि खाली कोणालाच ऐकू येणार नाही. म्हणून विमानाची छोटी प्रतिकृती करून ती फिरवतात आणि चहूबाजूंनी मोजतात. संगणकावरही गणित करतात.

मार्कोनींच्या कंपनीने लहरी एकाच दिशेला पाठवायची युक्ती काढली. बॅटरीचा झोत पडतो ना, तशी. तारांच्या रांगेमागे दुसरी रांग उभी करायची. त्या पद्धतीने १९२७ साली पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडला संदेश जाऊ लागले. तिकडून आलेले दौंडला घेत. आपण सांगोल्याहून कुर्डुवाडीमार्गे रेल्वेने पुण्याला जाताना लागते तेच दौंड, बरं का!

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनी वारले. तेव्हा ठिकठिकाणच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपली यंत्रे बंद ठेवली.