पुस्तकातून सिनेमा शिकलेले दादासाहेब फाळके



मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणते, मला कॅमेरा शिकायचाय, डायरेक्शन शिकायचंय, पुस्तक घेऊन द्या. मग जळगाव-धुळ्याकडचे आपण काय करतो? पुण्या-मुंबईतल्या संस्थांची फी विचारतो, नाहीतर ऑनलाइन दिसेल ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवतो. जरा थांबा. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाने पुस्तक कसं वापरलं, ते आधी बघा.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईचं जे. जे. स्कूल आणि मग बडोद्याचं कलाभवन, असं त्यांचं शिक्षण. फोटोग्राफी, छपाई, थोडी जादूगिरीसुद्धा! चाळिशीच्या आसपास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि असाच श्रीकृष्णाचा चित्रपट काढायचा, हे मनात पक्कं केलं. शिकवणारं मात्र इथे कुणी नव्हतं.

मग त्यांनी सेसिल हेपवर्थ या इंग्रज माणसाचं चलच्चित्रांची बाराखडी सांगणारं पुस्तक धरलं. ते पहिल्यांदा निघालं १८९७ मध्ये, म्हणजे तेव्हाही जुनंच. पण लिहिणारा स्वतः कॅमेरा हाताळणारा होता, आणि माझ्या मते हीच पहिली कसोटी. दुसरं असं, की निगेटिव्ह धुणं, प्रकाश, भिंग हे फाळक्यांच्या हाताला आधीच माहीत होतं. पुस्तकाने फक्त उरलेली जागा भरली. ज्याने साधा फोटोही नीट काढलेला नाही, त्याच्या हाती तेच पुस्तक दिलं असतं तर?

सोबत कॅटलॉग जमवले, बायोस्कोप नावाचं साप्ताहिक वाचलं. लहानसा कॅमेरा आणि रिळं आणली. रात्री मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्रं पाडायची, रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे. झोप नाही. शेवटी डोळेच गेले! डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण तोवर घरच्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

पुस्तक कुठे संपतं, हेही त्यांना कळलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. बायोस्कोपच्या संपादकांना ओळखपाळख नसताना जाऊन भेटले. संपादकांनी आधी परावृत्त केलं, पण नंतर हेपवर्थच्याच स्टुडिओत धाडलं. म्हणजे पुस्तकाच्या लेखकाकडेच! तिथे प्रत्यक्ष चित्रण पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परत आले.

आता पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. रोज थोडं थोडं चित्रण महिनाभर चालू ठेवलं आणि मिनिटभराची फिल्म केली, अंकुराची वाढ. ती पाहून कर्ज मिळालं. पुढे दादरच्या घरात सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. ३ मे १९१३ ला ३७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला.

तेव्हा पुस्तक घ्यायच्या आधी मुलाला कुंडीत वाटाणा लावायला सांगा. आपल्याकडे सरकी लावली तरी चालेल. मोबाईल एकाच जागी ठेवून, एकाच वेळी, महिनाभर रोज एक फोटो. पंधराव्या दिवशी तो स्वतःच विचारेल, उजेड रोज वेगळा का दिसतो? त्या प्रश्नाचं उत्तर ज्या पुस्तकात असेल, ते घेऊन द्या.