'फोर सीझन्स'वाला विवाल्डी जवळपास 200 वर्षं विस्मरणात होता, मग तो सापडला कसा?

विवाल्डीची 'स्प्रिंग' ही ट्यून तुम्ही नक्की ऐकलेली असणार. जाहिरातीत, रीलवर, नाहीतर फोन होल्डवर असताना. पण 100 वर्षांपूर्वी त्याचं नाव अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं.

अँतोनियो विवाल्डीचा जन्म 4 मार्च 1678 चा, व्हेनिसमधला. वडील आधी न्हावी होते, नंतर व्हायोलिनवादक झाले. 1703 मध्ये अँतोनियो पाद्री झाला. लाल केसांमुळे लोक त्याला 'लाल पाद्री' म्हणायचे. छातीच्या दुखण्यामुळे त्याने प्रार्थना चालवणं लवकरच सोडलं. पिएता नावाच्या अनाथाश्रमात तो मुलींना व्हायोलिन शिकवू लागला. या मुली जाळीआड बसून वाजवायच्या आणि त्यांना ऐकायला युरोपभरातून लोक यायचे.

1725 मध्ये ॲमस्टरडॅमला 'फोर सीझन्स' छापलं गेलं. गंमत म्हणजे त्यासोबत प्रत्येक ऋतूवर एक कविताही होती. कुठे पक्षी गातात, कुठे वादळ येतं, हे वादकांच्या प्रतीतसुद्धा लिहिलेलं होतं.

पुढे व्हेनिसची आवड बदलली. नवीन आशेने विवाल्डी व्हिएन्नाला गेला, पण ऑक्टोबर 1740 मध्ये त्याचा चाहता असलेला सम्राट सहावा चार्ल्स वारला. 28 जुलै 1741 ला विवाल्डीही गरिबीत गेला.

त्यानंतर त्याचं नाव उरलं ते मुख्यतः बाखमुळे. बाखने त्याच्या काही रचना स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिल्या होत्या.

1926 मध्ये उत्तर इटलीतल्या एका धार्मिक शाळेला डागडुजीसाठी पैसे हवे होते. तिने जुनी हस्तलिखितं विकायला काढली. ती तपासताना तुरीनचे प्राध्यापक अल्बेर्तो जेंतिली यांना विवाल्डीचे खंड दिसले. ते विकत घ्यायला ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. तेव्हा रोबेर्तो फोआ यांनी आपल्या वारलेल्या लहान मुलाच्या, माउरोच्या स्मरणार्थ ते घेऊन दिले. उरलेला अर्धा संग्रह 1930 मध्ये फिलिप्पो जोर्दानो यांनी घेऊन दिला. त्यांचाही लहान मुलगा, रेंझो, वारला होता. आजही तुरीनच्या ग्रंथालयात हे संग्रह त्या दोन मुलांच्या नावाने आहेत.

जेंतिली ज्यू होते. 1938 च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. 1939 मध्ये सिएनात विवाल्डी सप्ताह झाला, तेव्हा त्यात त्यांना स्थान नव्हतं.

युद्धानंतर एलपी रेकॉर्ड आल्या आणि विवाल्डी घराघरात पोहोचला. कव्हरच्या मागच्या बाजूला माहिती छापलेली असायची, तिला लायनर नोट्स म्हणतात. तेव्हा गुगल नव्हतं. बरोक म्हणजे काय, हा लाल पाद्री कोण, हे कित्येकांना पहिल्यांदा त्या मजकुरातूनच कळलं. रचनेच्या नावापुढचं 'आरव्ही' म्हणजे डेन्मार्कचे अभ्यासक पीटर रीओम यांनी बनवलेल्या यादीतला क्रमांक. 'स्प्रिंग'चा क्रमांक 269.

आता 'स्प्रिंग'चा दुसरा, संथ भाग लावा. व्हायोलिनच्या खाली व्हायोला दोन-दोन ठोके देत राहतो. तो मेंढपाळाचा भुंकणारा कुत्रा आहे. हे विवाल्डीने स्वतःच लिहून ठेवलंय.