खेळण्यांचे निर्माते फ्रँक हॉर्नबी

परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या शेतीवर जगणाऱ्या गावांत ज्वारीची काढणी झाली की मुलांच्या हाती वाळलेली धांडी येतात. धांड्याची कडक साल सोलून, आतील मऊ भेंडाचे तुकडे करून आणि त्यांत सालीच्या काड्या टोचून मुले बैलगाडी उभी करतात. जू, आख, चाके, सारे काही तीत असते. मोठ्या गाडीचे प्रमाण केवळ डोळ्यांनी जोखलेले असते, आणि हे कसब त्यांना कोणी पाठ देऊन शिकविलेले नसते. परंतु या खेळण्याला एक मर्यादा आहे. गाडी मोडून तिच्याच तुकड्यांचा पूल करावयाचा म्हटले, तर भेंड फाटते, छिद्रे सैल पडतात आणि साहित्य वाया जाते. नवे खेळणे करावयाचे म्हणजे नवे धांडे शोधणे आलेच. साहित्य निराळे होते, तरी हीच अडचण इंग्लंडातील एका पेढीवरील हिशेबनिसापुढे उभी राहिली होती. त्यांचे नाव फ्रँक हॉर्नबी.

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला. वडील खाद्यवस्तूंचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षी फ्रँकने शाळा सोडली आणि तो वडिलांच्या पेढीवर रोखपालाचे काम पाहू लागला. सन १८८७ मध्ये क्लारा नावाच्या एका शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. सन १८९९ मध्ये वडील निवर्तले, पेढी बंद पडली, आणि हॉर्नबी यांना डेव्हिड एलियट या मांसाच्या आयात-व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरावी लागली. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना कधीच मिळाले नव्हते. शोधकांच्या गोष्टींची आवड आणि घरच्या घरी हत्यारे चालविण्याची हौस एवढेच त्यांचे भांडवल होते.

त्यांना रोलंड आणि डग्लस असे दोन मुलगे होते. दिवसभर हिशेब लिहून घरी आल्यावर हॉर्नबी मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाड्या आणि ओझी उचलणाऱ्या याऱ्या तयार करीत. प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे कापावे लागत. यारीचा भाग पुलाला लागत नसे आणि पुलाचा भाग गाडीला बसत नसे. मुलांची हौस तर रोज नवी! एकदा आगगाडीने प्रवास करताना मालधक्क्यावरील एक यारी त्यांच्या दृष्टीस पडली आणि तेथेच त्यांच्या मनातील गाठ सुटली, अशी आठवण ते पुढे सांगत असत. कोणत्याही यंत्राला कोणताही भाग लागू पडावा, अशी रचना करता आली तर?

त्यांनी केलेली योजना इतकी साधी आहे की ती पूर्वी कोणाला कशी सुचली नाही, याचेच नवल वाटते. अर्धा इंच रुंदीच्या धातूच्या पट्ट्या घ्यावयाच्या. त्यांच्यावर बरोबर अर्ध्या अर्ध्या इंचावर सारख्या आकाराची छिद्रे पाडावयाची. अडीच इंचांच्या पट्टीवर पाच, साडेपाच इंचांच्या पट्टीवर अकरा आणि साडेबारा इंचांच्या पट्टीवर पंचवीस छिद्रे बसतात. अंतर सारखे असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीवर ठेवली तरी छिद्रापुढे छिद्र येते, आणि बोल्ट व नट यांनी दोन्ही पट्ट्या पक्क्या जोडता येतात. याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या छिद्रातून बोल्ट जातो, त्याच छिद्रातून चाकाचा दांडाही जाऊ शकतो. म्हणजे जोडाचे छिद्र तेच फिरत्या दांड्याचा आधारही होते. या एका गोष्टीने खेळण्यात हालचाल आली. खेळ संपला की नट सैल करावयाचे. यारीच्या पट्ट्या पुन्हा पेटीत, आणि उद्या त्यांचीच मोटारगाडी.

ही योजना आपल्या दोन मुलांपुरती ठेवण्याचा हॉर्नबी यांचा विचार नव्हता. परंतु शोधाच्या हक्काची नोंदणी करण्यास पैसा लागतो, आणि तो त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी आपले मालक एलियट यांच्याकडून पाच पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये हक्कासाठी अर्ज केला. एलियट यांनी नुसते कर्ज देऊन हात झटकले नाहीत. ते भागीदार झाले आणि आपल्या पेढीशेजारची जागाही त्यांनी देऊ केली. पहिल्या पेटीत १६ प्रकारचे भाग आणि १२ प्रतिकृतींची माहिती देणारे एक पत्रक होते. किंमत साडेसात शिलिंग होती. लिव्हरपूल येथील विद्यापीठीय महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकविणारे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याचे शैक्षणिक मोल ओळखून त्याची शिफारस केली, याचा पुष्कळ उपयोग झाला. तरीही धंदा चालेना. भाग बाहेरच्या कारखान्यांतून करवून घ्यावे लागत, आणि ते ओबडधोबड येत. सन १९०३ मध्ये १५०० पेट्या खपल्या, परंतु हाती नफा म्हणून काही उरला नाही. पहिला थोडासा नफा दिसण्यास १९०६ साल उजाडले.

पुढील वर्षी मागणी इतकी वाढली की बाहेरचे कारखाने ती पुरवू शकेनात. आता नोकरी ठेवावी की कारखाना काढावा, हा प्रश्न होता. हॉर्नबी तेव्हा ४४ वर्षांचे होते. घरी संसार होता आणि पगार निश्चित होता. त्यांनी नोकरी सोडली. लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर तीन वर्षांच्या कराराने एक जागा घेतली, कर्ज काढले आणि जून १९०७ पासून आपले भाग आपणच तयार करण्यास आरंभ केला. त्याच वर्षी सप्टेंबरात मेकॅनो हे नाव नोंदविण्यात आले. सन १९०८ मध्ये कंपनी स्थापन झाली. तीत एलियट सामील झाले नाहीत, आणि सारी जबाबदारी एकट्या हॉर्नबी यांच्यावर आली. कंपनीचा मोठा कारखाना सन १९१४ मध्ये बिन्स रोड येथे सुरू झाला.

हॉर्नबी यांच्यातील हिशेबनीस या सर्व काळात जागा होता, हे सांगितले पाहिजे. पेट्यांना त्यांनी क्रमांक दिले, आणि प्रत्येक पेटीस पूरक अशी एक लहान पेटी विक्रीस ठेवली. ती घेतली की खालच्या क्रमांकाची पेटी वरच्या क्रमांकाची होई. त्यामुळे आईबापांच्या खिशाला वर्षानुवर्षे चाट बसे, आणि मुलांना आपले सामान वाढत असल्याचा आनंद होई. सन १९१६ मध्ये त्यांनी मुलांसाठी एक नियतकालिकही सुरू केले. त्यात पूल, धरणे, आगगाड्या, विमाने यांची माहिती येई. मात्र या नियतकालिकात काय किंवा पेट्यांवरील चित्रांत काय, सगळीकडे मुलगेच दिसत. नट आवळण्याची हौस मुलींनाही असते, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांना उमगले नव्हते, आणि हॉर्नबीही त्याला अपवाद नव्हते.

सन १९२० मध्ये किल्लीवर चालणाऱ्या हॉर्नबी आगगाड्या बाजारात आल्या. आगगाडी आली म्हणजे स्थानक हवे, हमाल हवे, स्थानकाबाहेर वाहनेही हवीत. या गरजेतूनच सन १९३३ च्या अखेरीस सहा लहान वाहनांचा एक संच निघाला. त्यात दोन मोटारी, एक मालमोटार, एक सामान पोहोचविणारी गाडी, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. सन १९३४ मध्ये या वाहनांना डिंकी हे नाव मिळाले, आणि लवकरच ती आगगाडीवाचूनही मुलांना हवीशी झाली. त्या मालिकेतील पुष्कळ मोटारींचे प्रमाण पुढे सुमारे ४३ व्या हिश्शाचे राहिले. म्हणजे ४ मीटर ३० सेंटिमीटर लांबीची मोटार मुलाच्या तळहातावर १० सेंटिमीटरची होऊन उभी राही. आजही प्रतिकृती करणारे व जमविणारे कितीतरी हौशी लोक हेच प्रमाण पाळतात. जुन्या डिंकी मोटारीचा उडालेला रंग खरवडून ती पुन्हा रंगविणे, झिजलेले टायर बदलणे, मूळ गाडीच्या छायाचित्रावरून बारीकसारीक खुणा उमटविणे, हे त्यांचे आवडते उद्योग आहेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही मोटारी मात्र दुरुस्तीपलीकडे गेल्या आहेत. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव होत्या. त्या धातूत शिशाचा थोडा जरी अंश मिसळला गेला, तरी काही वर्षांनी तो तडकतो आणि त्याचा भुगा होतो.

सन १९३१ मध्ये हॉर्नबी एव्हर्टन मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून गेले आणि १९३५ पर्यंत सभासद होते. त्यांच्या शोधाचा खरा गौरव मात्र सन १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात झाला. तेथे प्राध्यापक डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी बहुतांशी मेकॅनोच्याच भागांतून एक गणित-यंत्र उभारले. जी समीकरणे कागदावर सोडविण्यास फार काळ लागे, ती या चाकादांड्यांच्या यंत्राने सुटू लागली. ज्या पट्ट्यांवर मुले खेळत, त्यांच्यावर आता प्राध्यापक संशोधन करू लागले होते.

मधुमेह आणि हृदयविकार यांनी पुढे हॉर्नबी यांची प्रकृती ढासळली. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि ज्यांच्यासाठी पहिली यारी कापली गेली होती त्या दोघांपैकी रोलंडच्या हाती कारखाना आला. बिन्स रोडचा तो कारखाना सन १९७९ मध्ये बंद पडला. मेकॅनोचे मालक अनेकदा बदलले, पट्ट्यांचे रंग बदलले, आटे बदलले, प्लास्टिकचे भागही आले. पट्टीवरील दोन छिद्रांतील अर्ध्या इंचाचे अंतर मात्र हॉर्नबी यांनी ठरविले तेच राहिले.