एक घोडा देऊन ते चांदीकाम शिकले आणि झुनींचे पहिले चांदी कारागीर झाले

फिरोजाचे बारीक निळे खडे आणि त्यांना धरून ठेवणारं चांदीचं कोंदण. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये राहणाऱ्या झुनी लोकांचे दागिने म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. पण यातला फिरोजा झुनींकडे शेकडो वर्षांपासून होता. चांदी फार उशिरा आली, तीही एका घोड्याच्या मोबदल्यात.

हा घोडा दिला होता लान्यादे यांनी.

गोष्ट आहे १८७२ च्या आसपासची. लान्यादे तेव्हा तिशीत होते. झुनी गावाला भाता आणि ऐरण नवीन नव्हती. १८५१ मध्ये तिथून गेलेल्या अमेरिकी मोहिमेनं गावातल्या लोहाराच्या कामाचं चित्रही काढून ठेवलंय. तांब्या-पितळेचं कामही चालायचं. चांदीचं काम मात्र शेजारच्या नवाहो लोकांच्या हातात.

अशात आत्सिदी चोन नावाचे नवाहो कारागीर झुनीत आले. नावाचा अर्थ कुरूप कारागीर, पण हात देखणा! ते लान्यादे यांचे मित्र, त्यांच्याच घरी उतरले आणि वर्षभर राहिले. तरी विद्या काही फुकट मिळाली नाही. लान्यादेंनी एक चांगला घोडा दिला, तेव्हा कुठे शिकवणी सुरू झाली.

मित्र निघून गेल्यावर गावात चांदीकाम येणारे लान्यादे एकटेच उरले. आता एवढं मोजून घेतलेली कला कोण सहज वाटेल? त्यांनीही ती सुरुवातीला स्वतःपाशीच ठेवली. पुढे हळूहळू इतर झुनी शिकले. १८९० च्या सुमारास तर झुनी कारागीर चांदीत फिरोजा बसवू लागले. खडा कापणं, घासणं, भोक पाडणं त्यांच्या हातात आधीपासूनच होतं, त्यामुळे पुढे झुनी दागिन्यात खडाच मुख्य झाला आणि चांदी त्याच्या आधारापुरती राहिली.

१८९८ च्या आसपास लान्यादे होपी लोकांच्या गावी गेले. तिथे त्यांनी सिक्याताला यांना चांदीकाम शिकवलं, आणि ते होपींचे पहिले चांदी कारागीर ठरले.

१९३० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ जॉन अडेअर झुनीत आले, तेव्हा लान्यादे नव्वदी ओलांडलेले होते. त्यांनी सांगितलेली हकीकत अडेअर यांच्या १९४४ च्या पुस्तकात आली. साठेक वर्षं उलटून गेली होती, पण तो घोडा लान्यादेंच्या लक्षात होता.