कै. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की दोन गोष्टी ओघानेच येतात. एक वर्गणी आणि दुसरी त्या वर्गणीचा हिशेब. पहिलीसाठी गावोगाव दाते पुढे येतात हे आपण पाहतोच. दुसरीसाठी कोणी तरी नेटाने बसावे लागते, आणि त्या कामात मान कमी व बोलणी जास्त. पुण्यातील एका वकिलाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अशाच एका देवस्थानच्या कारभारात लक्ष घातले आणि त्यातून साऱ्या महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला वळण लागले. ते गृहस्थ म्हणजे कै. गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत, आणि आज त्यांचे खरे नाव सांगितले तर अनेकांना ओळख पटत नाही, इतके ते टोपणनाव रूढ झाले.

काकांचा जन्म सन १८२८ मध्ये सातारा येथे झाला. त्या वेळी साताऱ्यास छत्रपतींची गादी होती, पण पेशवाई बुडून दहा वर्षे लोटली होती व इंग्रजांचा अंमल देशावर पक्का बसला होता. तरुणपणी ते पोटापाण्यासाठी पुण्यास आले. आरंभी त्यांनी सरकारी नोकरी केली. पुढे ती सुटली व वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते पुण्याच्या कोर्टात वकिली करू लागले. विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आलेले असे ते नव्हते. कोर्टात मराठी कागद वाचावेत, अशिलाचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे व ते साहेबासमोर मांडावे, अशा जातीचे ते देशी वकील होते. पुणे तरी त्या काळी केवढे होते? पेठांत वस्ती, भोवताली मळे आणि बाजूला लष्कर. माणूस माणसाला ओळखत असे. त्यामुळे वकिलाच्या ओटीवर केवळ दाव्याची माणसे येत नसत. सल्ल्याची, भांडणाची, घरगुती अडचणीची अशी सर्व प्रकारची माणसे येत.

पुण्याच्या दक्षिणेस पर्वतीच्या टेकडीवर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर आहे, हे सर्वांना माहीतच आहे. पेशवाई गेल्यावरही या संस्थानचा खर्च सरकारातून मिळणाऱ्या नेमणुकीवर चालू राहिला व कारभार पंचांकडे होता. हा कारभार नीट चालत नाही अशी कुरकुर पुण्यात बरीच वर्षे चालली होती. कुरकुर करणारे पुष्कळ, पण सरकारदरबारी जाऊन सांगावयाचे कोणी? आणि गेलेच तर सरकार विचारणार की तुम्ही कोण, तुम्हाला कोणी पाठविले? काका वकील असल्यामुळे या प्रश्नाची धार त्यांना चांगलीच ठाऊक होती. ज्याच्याजवळ वकीलपत्र नाही त्याचे म्हणणे कोर्ट ऐकत नाही.

तेव्हा काकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपाय काढला तो वकिलाच्याच डोक्यातून निघण्यासारखा होता. लोकांचेच वकीलपत्र घ्यावयाचे! किमान पन्नास सज्ञान माणसांनी सही करून ज्याला मुखत्यारपत्र दिले असेल तोच सभेचा सभासद, असा नियम ठरला. सुमारे ६००० लोकांनी अशी पत्रे दिली व त्यांतून ९५ सभासद निवडले गेले. अशा रीतीने दि. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीमंत श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. काकांनी चिटणीसाचे काम पत्करले. अध्यक्षपदावर श्रीमंत असावा आणि दप्तर कष्टाळू माणसाजवळ असावे, ही व्यवस्था तेव्हापासून आजतागायत अनेक संस्थांत चालू आहे. ती वाईट आहे असेही नाही.

मतदान हा शब्द आपल्या लोकांनी ऐकलाही नव्हता अशा काळात ही गोष्ट घडली. राष्ट्रीय सभा म्हणजे काँग्रेस ही त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८८५ मध्ये निघाली. पर्वतीच्या देवाच्या हिशेबावरून जमलेली माणसे पाहता पाहता शेतसारा, कर, दुष्काळ, कायदे या सर्वच विषयांत बोलू लागली. सन १८७१ च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे पुण्यास सबजज्ज म्हणून आले आणि सभेला मोठा विचारवंत लाभला. रानडे सरकारी नोकर असल्याने त्यांना उघडपणे पुढे येता येत नसे. रानड्यांनी विचार द्यावा आणि काकांनी पायपीट करावी, असे ते जोडपे जमले. इतिहासात रानड्यांचे नाव मोठे झाले आणि ते योग्यच आहे, पण अर्ज घेऊन उन्हातान्हात फिरणारा माणूस नसता तर त्या विचारांचे काय झाले असते, हेही पाहिले पाहिजे.

दि. १२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी देशी हातसुताचेच कापड वापरण्याची शपथ घेतली व ती मरेपर्यंत पाळली. त्या वेळी महात्मा गांधी अवघे दोन वर्षांचे होते. मँचेस्टरचे कापड स्वस्त, मऊ व दिसण्यास छान. आपले जाडेभरडे कापड अंगाला टोचणारे. कोर्टात वकिलाने असा पोशाख करून उभे राहावे हे अनेकांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. काका मात्र कोर्टात, सभेत, घरी सर्वत्र त्याच वेषात वावरले. नुसती शपथ घेऊन ते थांबले नाहीत. देशी व्यापारोत्तेजक मंडळामार्फत शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू येथेच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली आणि पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत येथे देशी मालाची दुकाने काढविली.

काकांच्या संसाराविषयी लिहावयाचे तर त्यांच्या पत्नी सौ. सरस्वतीबाई यांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. यजमान सार्वजनिक कामात आणि गृहिणी चुलीपाशी, असा प्रकार या घरात नव्हता. सन १८७१ मध्ये सरस्वतीबाईंनी स्त्रीविचारवती सभा काढली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांनी एकत्र जमावे व चार शब्द ऐकावेत, बोलावेत, असा त्यांचा उद्देश होता. ज्या काळात बाईने लिहिणे वाचणे हेच अमंगळ मानणारी माणसे घरोघर होती, त्या काळात ही गोष्ट घरच्या माणसाच्या पाठिंब्याशिवाय शक्य नव्हती. बाहेर सुधारणेवर भाषण आणि घरात मात्र जुनेच, असे पुष्कळांचे असते. काकांचे तसे नव्हते.

खेड्यातील माणसाला काकांविषयी जवळीक वाटावी अशी कामे पुढेच आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला भरमसाट भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमका त्याच सुमारास सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढविला. शेतकरी सावकाराकडे धावला. कागद झाला, दावा झाला, हुकूमनामा झाला आणि जमीन गेली. सभेने सन १८७२-७३ मध्ये या प्रश्नाची चौकशी हाती घेतली व रयतेकडून खरी परिस्थिती गोळा केली. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे काढून जाळली, तेव्हा सरकारला जाग आली. दाव्यांनी शेतकरी बुडतो हे काका वकील असूनही, किंबहुना वकील असल्यामुळेच, जाणून होते. कोर्टाची पायरी न चढता तंटे मिटावेत म्हणून पुण्यात त्यांनी लवाद कोर्ट सुरू करविले. दोन्ही पक्षांना समोर बसवून तोड काढावयाची, स्टँप नाही, तारखा नाहीत. ज्या कामावर आपले पोट चालते ते काम कमी व्हावे म्हणून वकिलाने झटणे ही गोष्ट सामान्य नव्हे.

एक गोष्ट मात्र न लपविता सांगितली पाहिजे. सभेत सरदार, इनामदार, सावकार, पेन्शनर व वकील अशांचाच भरणा अधिक होता. नांगर धरणारा माणूस तेथे क्वचितच बसलेला असे. महात्मा जोतीराव फुले यांनी या सभेवर कठोर टीका केली, आणि त्या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. काका ज्या काळात व ज्या समाजात वाढले त्याची ही मर्यादा होती.

सन १८७६ मध्ये पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, विजापूर या भागांत हाहाकार उडाला. सभेने दुष्काळी तालुक्यांत माणसे पाठवून कोठे किती लोक उपाशी आहेत, गुरांचे काय झाले, कामे कोठे निघाली, याची माहिती मागविली व ती वरचेवर सरकारपुढे ठेवली. लोक मरत आहेत असे मोघम न लिहिता गाववार मजकूर पाठवावयाचा, ही त्यांची पद्धत. कचेरीच्या कामाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हिचे मोल कळेल. मोघम अर्जावर शेरा मारून तो दप्तरी दाखल करता येतो, पण गावाचे नाव व आकडा असला की उत्तर द्यावे लागते.

इकडे असा दुष्काळ आणि तिकडे दि. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस महाराणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्याचा दरबार! राजेमहाराजे जरीच्या पोशाखात, हिरेमाणकांनी मढून आले होते. त्या झगमगाटात सभेचे मानपत्र घेऊन काका उभे राहिले ते पांढऱ्या शुभ्र खादीत. मानपत्रात नुसती स्तुती नव्हती. इंग्रज प्रजेला जो राजकीय व सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेस मिळावा, असे त्यात नम्रपणे पण स्पष्ट मागितले होते. ज्यांना तेथे बोलावणे होते त्यांतील किती जणांनी काही मागितले असेल?

त्याच महिन्यात सर रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरील मजुरी घटविली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला जेमतेम एक पौंड धान्याइतकी मजुरी बसू लागली. हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसाने काम सोडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. सभेने त्यांची बाजू उचलून धरली व अर्जांवर अर्ज केले. १८७८ पासून सभेचे त्रैमासिकही निघू लागले.

काकांच्या धैर्याची शेवटची कसोटी १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडके यांनी सरकारविरुद्ध बंड पुकारले होते. हे फडके पूर्वी पुण्यातच लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस होते व काकांच्या स्वदेशीच्या उपदेशाचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. जुलै महिन्यात ते पकडले गेले. पुण्यात भीतीचे वातावरण होते. मे महिन्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या होत्या, सरकारचा सर्वांवर संशय होता, रानड्यांचीही बदली धुळ्यास झाली होती. फडक्यांशी ओळख आहे म्हणण्यासही माणसे कचरत. अशा वेळी काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. फडक्यांचा मार्ग काकांचा नव्हता. त्यांची सारी हयात अर्ज व सनदशीर मार्गात गेली होती. परंतु आरोपीला वकील मिळाला पाहिजे एवढे ते जाणत होते. पुढे सेशन कोर्टात महादेव चिमाजी आपटे यांनी फडक्यांचे काम चालविले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. दि. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. त्यांच्यामागे सभेचे दप्तर पुढच्या पिढीच्या हाती गेले. नामदार गोखले हे काही वर्षे सभेचे चिटणीस होते, आणि १८९५ नंतर ती लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे आली. पर्वतीवर जाणाऱ्या भाविकांना त्या रुंद पायऱ्या चढताना या कथेची सहसा कल्पना नसते.